मंडळी बाहेर थांबली आहे: चर्चचा खटला म्हणजे नेमकं काय?

२१ मे २०२४ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या पाळकांची एक बैठक झाली. त्या बैठकीतल्या मतदानानं बेथ स्ट्राउड यांना त्यांचं पाळकपद परत मिळालं. २००४ च्या डिसेंबरात ते त्यांच्याकडून काढून घेतलं होतं, तेही चर्चनंच चालवलेल्या एका खटल्यात. ही बातमी मी ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांनी आधी एकच विचारलं: चर्चमध्ये खटला? साक्षीपुरावे, निकाल, सगळं?

माझ्या मावशीनं मात्र वेगळंच विचारलं. "अगं, पण तिच्या चर्चची माणसं तेव्हा कुठं होती?"

मला मावशीचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. पण त्याचं उत्तर द्यायचं तर आधी पहिला प्रश्न सोडवावा लागेल.

पाळक कुणाचा?

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत 'मंडळी' म्हणजे चर्चची इमारत नव्हे, तर तिथं उपासनेला जमणारी माणसं. उपदेश करणारा, बाप्तिस्मा देणारा, प्रभुभोजनाची भाकर मोडणारा तो पाळक. मंडळीनं पाळक निवडावा आणि नको झाला तर मंडळीनंच त्याला निरोप द्यावा, असं काही पंथांत चालतं. अहमदनगर भागात काम केलेल्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा या धाटणीची होती.

मेथडिस्टांचं तसं नाही. त्यांच्यात पाळक स्थानिक मंडळीचा सभासदच नसतो. त्याचं नाव असतं 'कॉन्फरन्स'च्या पटावर. कॉन्फरन्स म्हणजे एका मोठ्या प्रदेशातल्या सगळ्या मेथडिस्ट चर्चचा मिळून झालेला संघ. तिथला बिशप पाळकाची नेमणूक करतो आणि बदलीही करतो.

गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी आठवा. गावाच्या दृष्टीनं ते गावचेच. लग्नाला त्यांना पहिली पत्रिका, सणाला घरचं ताट. पण नेमणूक, बदली, चौकशी सगळं जिल्ह्याला. गुरुजींवर कुणी तक्रार केली तर सुनावणी जिल्ह्याच्या कचेरीत होते आणि गावकरी बाहेर झाडाखाली बसून राहतात. त्यांच्या गुरुजींबद्दल निर्णय होतोय, पण त्यांना मत नाही.

मेथडिस्ट चर्चच्या खटल्यात मंडळी अशीच झाडाखाली बसलेली असते.

खटला चालतो कसा

अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चचा एक नियमग्रंथ आहे. सोयीसाठी त्याला 'शिस्तग्रंथ' म्हणू. तो बदलण्याचा अधिकार फक्त महापरिषदेला, आणि ती साधारण चार वर्षांतून एकदा भरते. पाळकानं शिस्तग्रंथातला नियम मोडल्याची तक्रार आली की ती आधी बिशपकडे जाते. तडजोड, समेट, समजूत यांचे प्रयत्न व्हावेत अशी अपेक्षा असते. ते फसले आणि चौकशीतही तक्रारीत तथ्य दिसलं, तर खटला उभा राहतो.

अध्यक्षपदी एक बिशप असतो. चर्चची बाजू मांडायला एक जण आणि पाळकाची बाजू मांडायला एक जण. निकाल देतात तेरा पंच, आणि ते सगळे त्याच कॉन्फरन्समधले पाळक असतात. दोषी ठरवायला तेरापैकी किमान नऊ मतं लागतात. दोषी ठरल्यावर शिक्षेची सुनावणी वेगळी होते, तिथं सात मतं पुरतात. शिक्षा म्हणजे तुरुंग किंवा दंड नव्हे. वकिलाची सनद जाते ना, तसं पाळकपद जाणं ही मोठी शिक्षा. त्याखालोखाल काही दिवसांचं निलंबन, किंवा ताकीद.

हे दोन टप्पे लक्षात ठेवा. बाहेर थांबलेल्या माणसांची सगळी घालमेल त्यांच्यामध्ये असते.

बारा विरुद्ध एक, मग सात विरुद्ध सहा

बेथ स्ट्राउड फिलाडेल्फियातल्या जर्मनटाउन भागातल्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये सहायक पाळक होत्या. २७ एप्रिल २००३ च्या रविवारी त्यांनी उपदेशात मंडळीला सांगितलं की त्या समलिंगी आहेत आणि आपल्या जोडीदार स्त्रीबरोबर संसार करतात. बिशपना त्यांनी हे आधीच कळवलं होतं. समलिंगी संबंधांत उघडपणे राहणाऱ्यांना पाळकपद देऊ नये, असा नियम १९८४ पासून होता. परिणाम काय होणार हे त्यांना ठाऊक होतं आणि मंडळीलाही.

खटला उभा राहिला तो १ आणि २ डिसेंबर २००४ ला, कॅम्प इनाबा नावाच्या जागेत. ही कॉन्फरन्सची शिबिराची जागा, सगळीकडे झाडी. एरवी जिथं मुलांची शिबिरं भरतात, तिथं खुर्च्या मांडून न्यायासन उभं केलं होतं.

दोषी की निर्दोष? बारा मतं दोषी म्हणणारी, एक विरोधात. यात आश्चर्य नव्हतं, कारण घटना नाकारलीच नव्हती. त्यानंतर शिक्षेचं मतदान. पाळकपद काढून घ्यावं या बाजूनं सात मतं पडली, विरोधात सहा. एक पंच इकडचा तिकडे झाला असता तर शिक्षा वेगळी झाली असती.

मला हे आकडे फार बोलके वाटतात. नियम मोडला हे मान्य करणाऱ्या बारांपैकी पाच जणांना तरी पाळकपद हिरावून घेणं पटलं नव्हतं. जे लोक थांबले होते ते कशासाठी थांबले होते, हे या पाच मतांवरून समजतं. निर्दोष सुटण्याची आशा कुणाला फारशी नसावी. आशा होती ती दुसऱ्या टप्प्याची.

बाहेर बसलेले करतात काय?

माझ्या लहानपणी आमच्या मंडळीतही एकदा पाळकांविरुद्ध चौकशी झाली होती. कारण निराळं होतं, त्यात शिरत नाही. वरून आलेली समिती पाळकांच्या घरात बसली होती आणि आम्ही सगळे चर्चच्या ओट्यावर. सकाळी दहाला बसलो ते दिवेलागणीपर्यंत. आत काय चाललंय याचा पत्ता नाही. पाळकांच्या बाजूचे दोन पायऱ्या वर, तक्रार करणारे दोन पायऱ्या खाली. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप तसे बसले होते. दुपारी एका आजींनी गीत धरलं, हळू आवाजात, पेटीशिवाय. पहिलं कडवं त्यांच्या एकटीचं झालं. दुसऱ्या कडव्याला वरच्या पायऱ्यांवरचे लोक आले, तिसऱ्याला खालचे. चाल सगळ्यांना एकच येत होती, कारण सगळे एकाच रविवारच्या शाळेत शिकले होते. गीत संपल्यावर चहा आला आणि कप वरून खाली, हातोहात गेले. निकाल काय लागला ते मला आज धड आठवत नाही. चहा आठवतो.

मेथडिस्टांना असं थांबणं परकं नाही. वर्ष सरताना ३१ डिसेंबरच्या रात्री आपल्याकडची कितीतरी मराठी चर्च वॉचनाइटची उपासना करतात. ही जागरणाची रीत अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांनी मोरावियन ख्रिस्ती लोकांकडून घेतली आणि मेथडिस्टांत रुजवली. तिच्याही मागे शुभवर्तमानातला तो प्रसंग उभा असतो: गेथशेमाने बाग, अटकेची रात्र, आणि येशू शिष्यांना विचारतो की तुम्हांला घटकाभरही माझ्याबरोबर जागं राहता आलं नाही का. शिष्यांनी अटक टाळावी असं त्यानं मागितलं नव्हतं. फक्त जागे राहा म्हणाला.

खटल्याच्या दिवशी जमणारी मंडळी प्रार्थना करते, गाते, पुष्कळदा नुसती गप्प बसते. निकालावर त्याचा परिणाम होतो का, असं कुणी विचारेल. मत द्यायला आत तेराच माणसं, आणि त्यांनी पुराव्यावरच जायचं असतं. तरी मला हे थांबणं वाया गेलेलं वाटत नाही. ज्याच्यावर आरोप आहे तो माणूस दार उघडून बाहेर येतो, तेव्हा समोर रिकामं अंगण असणं आणि आपली माणसं असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सगळे गप्प बसतात असंही नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेल गावी मार्च २००४ मध्ये कॅरन डॅमन या पाळकांवर असाच खटला चालला. तिथं काही समर्थकांनी दाराची वाट अडवली आणि पोलिसांनी त्यांना अटक केली. त्या खटल्यात अकरा पंचांनी डॅमन निर्दोष असल्याचं मत दिलं, दोघांनी कुठलंच दिलं नाही. तोच नियम, तेच वर्ष, आणि निकाल पूर्ण उलटा. असं होऊ शकतं, कारण पंच त्या त्या कॉन्फरन्सचे असतात आणि प्रदेशागणिक चर्चचं मन वेगळं असतं.

"नियम मोडला तर शिक्षा नको का?"

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो घेणारे लोकही त्याच मंडळ्यांत बसतात. त्यांचं म्हणणं असं: पाळकपद घेताना शिस्तग्रंथ पाळण्याचं वचन दिलं होतं, ते आपल्या सोयीनं मोडता येणार नाही. वचनाला काही किंमत राहिली नाही तर चर्च चालणार कसं?

यावर मला एवढंच म्हणायचं आहे की खटल्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंततात. नियम मोडला का, हा एक. नियम बरोबर आहे का, हा दुसरा. पंचांच्या हातात फक्त पहिला असतो, दुसरा महापरिषदेचा. त्यामुळे ज्याला नियमच चुकीचा वाटतो त्याच्यापुढं दोन वाटा उरतात: चार-चार वर्षं महापरिषदेची वाट पाहणं, किंवा नियम मोडून परिणाम भोगणं. स्ट्राउड यांनी दुसरी वाट धरली, आणि लपूनछपून नाही तर रविवारी सगळ्यांसमोर.

तीस दिवसांची मुदत

त्याच कॅम्प इनाबात नऊ वर्षांनी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, फ्रँक शेफर यांच्यावर खटला चालला. ते लेबनन गावाजवळच्या एका चर्चचे पाळक. २००७ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये आपल्या मुलाचं लग्न लावलं होतं आणि मुलाचा जोडीदार पुरुष होता. असं लग्न लावायलाही तेव्हा शिस्तग्रंथात मनाई होती. तक्रार करायला सहा वर्षांची मुदत असते. ती संपत आली असताना त्यांच्याच मंडळीतल्या एका सभासदानं तक्रार केली.

म्हणजे इथं मंडळी एका बाजूला आणि कॉन्फरन्स दुसऱ्या, असं चित्र नव्हतं. एकाच बाकावर बसणारी माणसं दोन वेगळे निकाल मागत होती. 'मंडळी एकत्र थांबली' असं वाचताना आपण मनात एक सुबक चित्र रंगवतो, म्हणून हे मुद्दाम सांगते. कितीदा तरी एकत्र थांबणं म्हणजे, ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याच्याच शेजारी थांबणं.

शेफर दोषी ठरले. शिक्षेच्या सुनावणीत त्यांनी साक्ष देताना गळ्यात इंद्रधनुष्यी रंगांचा स्टोल घातला. स्टोल म्हणजे पाळक खांद्यांवरून पुढे सोडतात तो पट्टा. यापुढं आपण गप्प राहणार नाही, असं त्यांनी पंचांना सांगितलं. पंचांनी त्यांना तीस दिवस निलंबित केलं आणि वर अट घातली: या काळात विचार करा, शिस्तग्रंथ पूर्ण पाळता येणार नसेल तर पाळकपद सोडा. १९ डिसेंबरला त्यांनी नकार दिला आणि त्यांचं पाळकपद गेलं.

पुढं अपील झालं. अपिलात खटला पहिल्यापासून चालवत नाहीत, प्रक्रिया आणि शिक्षा नियमात बसते का तेवढंच पाहतात. जून २०१४ मध्ये अपील समितीनं आठ विरुद्ध एक मतांनी शेफर यांना पाळकपद परत दिलं. कारण घरातल्या उदाहरणानं समजेल. पोरानं शेजाऱ्याची काच फोडली म्हणून महिनाभर खेळणं बंद केलं, ही झाल्या चुकीची शिक्षा. पण महिन्यानंतर 'पुन्हा कधी फोडणार नाही असं लिहून दे, नाहीतर घराबाहेर हो' म्हटलं, तर ती न झालेल्या चुकीची शिक्षा झाली. अशी शिक्षा चर्चच्या कायद्यात बसत नाही, असं समितीनं ठरवलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये चर्चच्या सर्वोच्च न्यायमंडळानंही तेच कायम ठेवलं.

स्ट्राउड यांच्या वाट्याला याच्या उलट आलं. एप्रिल २००५ मध्ये अपील समितीनं त्यांच्या बाजूनं निर्णय दिला आणि ३१ ऑक्टोबर २००५ ला न्यायमंडळानं तो फिरवला. पहिल्या उपदेशापासून अडीच वर्षं. त्यांची मंडळी एका डिसेंबरातले दोन दिवसच नाही, ही अडीच वर्षं थांबली होती.

"ही तर जात पंचायतच झाली!"

मराठी वाचकाला ही शंका येणं साहजिक आहे. आपल्या डोळ्यांपुढं वाळीत टाकलेली कुटुंबं येतात. त्यासाठीच महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा केला. धर्मपीठापुढचा खटलाही आपल्या इतिहासात आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतर मंडळींनी चहा घेतला, त्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांनी नेमलेल्या आयोगापुढं गेलं. रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. टिळकांच्या घरच्या कार्यांना भटजी मिळणं मुश्कील झालं.

फरक बहिष्कारात आहे. जात पंचायत पाणी तोडते, रोटीबेटी तोडते, घरच्या माणसांनाही शिक्षेत ओढते. मेथडिस्ट खटल्यात जातं ते पद. सभासदत्व सहसा राहतं, चर्चमध्ये यायला बंदी नसते, घरच्यांना हात लागत नाही. हा फरक छोटा नाही. पण ज्याच्या आयुष्याचं कामच हिरावलं जातं त्याला तो किती मोठा वाटेल, हे मी बाहेरून सांगू शकत नाही.

सरकारी कोर्ट मधे का पडत नाही, असंही विचारतात. पाळक कुणी असावं हा धर्मसंस्थेचा अंतर्गत प्रश्न, असं अमेरिकेतली न्यायालयं मानत आली आहेत. आपल्याकडे असा वाद मुंबईतूनच वर गेला होता. बहिष्कार घालायला बंदी करणारा १९४९ चा मुंबई प्रांताचा कायदा सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर रद्द केला. धर्मसंस्थेचा अधिकार कुठं संपतो आणि माणसाचा कुठं सुरू होतो, हा प्रश्न त्यानंतरही मिटलेला नाही.

"मग असं चर्च सोडून का देत नाहीत?"

सोडलं, हजारोंनी सोडलं. फक्त बहुतेक सोडणारे दुसऱ्या बाजूचे होते. नियम पुरेसा कडकपणे पाळला जात नाही म्हणून २०१९ ते २०२३ या काळात अमेरिकेतल्या साडेसात हजारांहून अधिक मंडळ्या युनायटेड मेथडिस्ट चर्चमधून बाहेर पडल्या. मग एप्रिल-मे २०२४ मध्ये शार्लट शहरात महापरिषद भरली आणि १ मे रोजी तिनं ६९२ विरुद्ध ५१ मतांनी पाळकपदावरची ती बंदी उठवली. भारतातलं मेथडिस्ट चर्च १९८१ पासून स्वायत्त आहे, त्यामुळे हा निर्णय इथं आपोआप लागू होत नाही.

स्ट्राउड यांनी मात्र २००५ नंतरही चर्च सोडलं नाही आणि मंडळीनंही त्यांना सोडलं नाही. पद गेलं, तरी मंडळीनं त्यांना साध्या सभासदाच्या नात्यानं कामावर ठेवलं. त्या उपदेश करू शकत होत्या, आजाऱ्यांना भेटू शकत होत्या, मुलांना शिकवू शकत होत्या. दोन गोष्टी तेवढ्या त्यांना करता येत नव्हत्या: प्रभुभोजन चालवणं आणि बाप्तिस्मा देणं. एखाद्या गरोदर बाईच्या घरी त्या महिनोन्‌महिने जाऊन बसतील, प्रार्थना करतील, पण ते बाळ चर्चमध्ये आणलं की पाणी दुसऱ्या पाळकाच्या हातून पडणार.

मावशीला हे सगळं सांगून झालं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि आता? आता पाणी ती ओतू शकते?"

हो, मावशी. आता ओतू शकते.